सभाकंप, श्वास आणि समोरची सभा

मराठीत ‘सभाधीट’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. एखादे मूल चारचौघांत न अडखळता चार वाक्ये बोलले, की घरातील वडीलधारी मंडळी तो कौतुकाने वापरतात. ह्याच्या उलट अवस्थेला ‘सभाकंप’ म्हणतात. परंतु हा शब्द घरात सहसा कोणी उच्चारत नाही. ज्याला ती अवस्था ठाऊक असते तो तिचे नाव घेत नाही. ‘घसा बसला आहे’ एवढा निरोप पाठवून तो कार्यक्रमपत्रिकेतून आपले नाव काढून घेतो. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या मंडळींत घसा बसण्याचे प्रमाण जरा अधिकच आहे, असे आमचे निरीक्षण आहे. शब्दांवर ज्यांचे पोट चालते, त्यांनाच ते शब्द अनोळखी लोकांसमोर मोठ्याने उच्चारण्याची धास्ती वाटावी, ही गोष्ट वरवर पाहता विचित्र आहे. थोडा विचार केला तर ती तितकीशी विचित्र राहत नाही. शब्द चुकला तर काय चुकते, हे त्यांनाच सर्वांत जास्त कळत असते.

आम्ही ह्याच मंडळींतले. वर्गात सलग दोन तासिका बोलूनही न थकणाऱ्या आम्हांस चर्चासत्रात पंधरा मिनिटांचा निबंध वाचावयाचा म्हटले, की दोन दिवस आधीपासून अन्न गोड लागत नाही. हातातील कागद थरथरतो, आणि तो ध्वनिक्षेपकाजवळ धरला तर ती थरथर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. ह्यावर उपाय म्हणून गेली अनेक वर्षे आम्ही प्राणायामाचा आणि ध्यानाचा यथामती अभ्यास करीत आहोत. त्यातून काय साधले, काय साधले नाही, आणि जे साधले नाही ते कोणाकडे मागावयाचे, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

सभाकंपाचे मराठी वाचकाला सर्वांत परिचित असे वर्णन बहुधा गांधीजींच्या आत्मचरित्रातील असावे. लंडनमध्ये शाकाहारी मंडळींच्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर असताना त्यांना सभेत बोलता येत नसे. एकदा लिहून नेलेले विचारही दुसऱ्या कोणी वाचून दाखविले. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते आपला पहिला खटला चालविण्यास उभे राहिले. साक्षीदारांची उलटतपासणी करावयाची होती. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि ३० रुपयांची फी परत करून न्यायालयाबाहेर पडले. ह्या लाजाळूपणानेच आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली, असे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. ही नोंद नेहमी सांगितली जाते. आम्हांस मात्र त्याच पुस्तकातील दुसरी एक नोंद अधिक महत्त्वाची वाटते. आयुष्यातील आपले पहिले म्हणण्याजोगे जाहीर भाषण ते १८९३ साली प्रिटोरियात, तेथील हिंदी लोकांच्या एका लहानशा बैठकीत करतात. श्रोते बहुतांशी व्यापारी, विषय व्यापारातील सचोटीचा, आणि त्यांच्याशी बोलण्याची वक्त्याला निकड. दोन वर्षांपूर्वी मुंबईत ज्याला एक प्रश्न सुचला नव्हता, तो तेथे बोलला. मधल्या काळात त्यांची छाती किती बदलली होती हे सांगता येत नाही; समोरची सभा मात्र पूर्ण बदलली होती. ह्या मुद्द्याकडे आपण पुढे येऊच.

प्रथम छातीविषयी. व्यासपीठावर जाण्याआधी शरीरात जे घडते ते काही गूढ नाही. धोका जाणवला की हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, तोंडाला कोरड पडते आणि श्वास उथळ होऊन छातीच्या वरच्या भागात भराभर चालू लागतो. पळण्यासाठी ही तयारी उत्तम असते. परंतु वक्त्याला पळावयाचे नसते, एका जागी उभे राहावयाचे असते. त्यामुळे जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, डोके हलके वाटू लागते, बोटांना मुंग्या येतात. त्यातून ‘आता आपण पडणार’ असा समज होतो, आणि त्या समजाने श्वास आणखी वाढतो. शरीराला वाघ आणि विभागप्रमुख ह्यांत फारसा फरक करता येत नाही, असेच म्हणावे लागेल.

ह्या चक्रात जेथे आपल्याला हात घालता येतो अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे श्वास. हृदयाला ‘हळू चाल’ म्हणून सांगता येत नाही, घामाला थांबविता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालतो. हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न राखण्याचे जे अनेक पर्याय दिले आहेत, त्यांत श्वास बाहेर सोडणे आणि रोखणे हा एक आहे. अनेकांतील एक, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे; सूत्रकारांनी त्याचा आग्रह धरलेला नाही. पूरक, कुंभक, रेचक ही परिभाषा पुढे हठयोगाच्या ग्रंथांतून रूढ झाली. विसाव्या शतकात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून ह्या क्रियांकडे प्रयोगशाळेच्या शिस्तीने पाहण्याचा पायंडा पाडला. योगाविषयी चमत्काराच्या भाषेत बोलण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी त्या जुन्या अंकांतील कोरडी, मोजमापाची भाषा एकदा पाहावी.

आज जे ठामपणे सांगता येते ते इतके : श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि बाहेर सोडताना किंचित कमी होते. हे काम प्रामुख्याने व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत चालते. म्हणून रेचक लांबविला की हृदयाला विसावा मिळतो. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. संथ श्वसनाच्या अभ्यासात ही संख्या सहाच्या आसपास आणतात. आमचा स्वतःचा पाठ अगदी साधा आहे. पाठीचा कणा ताठ ठेवून बसावे, नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा किंवा आठ अंक मोजेपर्यंत सोडावा. कुंभक नाही. रोज पाच ते दहा मिनिटे. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी रोज पाच मिनिटांच्या अशा सरावांची महिनाभर तुलना केली. उच्छ्वास लांबविण्याच्या प्रकाराने मनाची प्रसन्नता ध्यानापेक्षा अधिक वाढली. चिंता मात्र सर्वच गटांत कमी झाली आणि त्यात कोणताही गट दुसऱ्याहून फारसा पुढे नव्हता. तेव्हा कोणत्याही एका पद्धतीचा झेंडा खांद्यावर घेण्याचे कारण नाही.

काही व्यावहारिक गोष्टी मात्र अनुभवाने सांगाव्याशा वाटतात. भाषणाच्या आधी ‘खोल श्वास घ्या’ असा सल्ला शुभचिंतक देतात; घाबरलेला माणूस तो तंतोतंत पाळतो, आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबतो आणि अधिकच कासावीस होतो. त्याला सांगावयाचे ते ‘आधी श्वास सोडा’ असे. सोडलेला श्वास आपली जागा भरून काढावयास आपण होऊन येतो. कपालभाती किंवा भस्त्रिका ह्या जोरकस क्रिया व्यासपीठाच्या पायरीवर करावयाच्या नव्हेत. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास रोखण्याचे प्रयोग जाणकाराला विचारल्यावाचून करू नयेत. आणि ज्या दिवशी भाषण त्याच दिवशी प्राणायामाचा आरंभ, हा प्रकार परीक्षेच्या सकाळी व्याकरणाचे पुस्तक उघडण्यासारखा आहे. नित्य सराव असेल तर सभागृहातही त्याला वाव मिळतो. सूत्रसंचालक आपला परिचय वाचीत असतात ती दोन मिनिटे वक्त्याला फुकट मिळालेली असतात. आपल्याविषयीची विशेषणे ऐकून संकोचण्यात ती घालविण्यापेक्षा तळवे जमिनीवर टेकवावेत, जबडा सैल सोडावा आणि चार-सहा लांब उच्छ्वास सोडावेत. परिचय जितका लांब, तितका लाभ मोठा.

ध्यानाची गोष्ट थोडी निराळी आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंका ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होऊ लागली. गोयंका २०१३ साली निवर्तले, शिबिरे चालू आहेत. दहा दिवसांच्या शिबिरातील पहिल्या तीन दिवसांत आनापान म्हणजे नैसर्गिक श्वासाचे केवळ निरीक्षण करावयाचे असते. मोजावयाचे नाही, लांबवावयाचे नाही, कोणताही मंत्र जोडावयाचा नाही. जसा आहे तसा पाहावयाचा. प्राणायाम श्वासाला वळण लावतो आणि आनापानात तो आहे त्या वळणाने पाहिला जातो. आम्ही तेथे गेलो तेव्हा सभाकंपाचा विषय मनात होता, आणि गंमत अशी की दहावा दिवस उजाडेपर्यंत तेथे कोणाला बोलावयाचेच नसते. वक्तृत्वाच्या चिंतेने ग्रासलेल्या माणसाला मौनाहून मोठे सुख नाही, हे पहिल्या दोन दिवसांत पटले. तिसऱ्या दिवसापासून, बोलावयाचे नसतानाही, भाषणाची भीती एकटी येऊन बसू लागली. श्रोते नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता. भीती मात्र हजर होती.

तेव्हा ती प्रथमच सवडीने पाहता आली. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य म्हणजे एक सारांश आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला सारांशावर विसंबू नये असे आपण शिकवीत असतो. मूळ संहिता पाहू गेले तर तेथे गळ्याशी आवळल्यासारखे काही असते, कानांच्या पाळ्या गरम झालेल्या असतात, पोटात एक पोकळी असते, आणि ह्या सर्वांच्या मध्ये एक चित्र असते : कोणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागून हसत आहे. हे घटक सुटे दिसू लागले की सारांशाचा दरारा कमी होतो. भीती जात नाही. ती वाचता येऊ लागते. आणि वाचताना असेही लक्षात येते की आवळणे, गरम होणे, पोकळी ह्या गोष्टी येतात आणि जातात. ते हसण्याचे चित्र मात्र पुनःपुन्हा येते. त्याचे कारण छातीत सापडत नाही.

ध्यानाचा असा उपयोग करणे हे त्याच्या मूळ हेतूशी जुळते का, असा प्रश्न कोणी विचारील. जुळत नाही. पतंजलींनी किंवा बुद्धाने चर्चासत्रांची सोय पाहिली नव्हती. परंतु वीज गेली असता देवघरातील समईच्या उजेडात कोणी पुस्तक वाचले, तर त्याने देवाचा अवमान होतो असे आम्हांस वाटत नाही. समई कशासाठी आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्याहून जवळचा एक मार्ग आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमातच पडून आहे. बोलणे म्हणजे नादयुक्त उच्छ्वास. आपण बोलतो ते श्वास सोडतानाच. तेव्हा सावकाश म्हटलेली कविता हा आपोआपच लांबलेला रेचक असतो. छंदःशास्त्रातील ‘यती’ म्हणजे चरणातील थांबण्याची जागा. मंदाक्रान्तेत सतरा अक्षरांची विभागणी चार, सहा आणि सात अशी होते. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरांपैकी बाराव्यावर यती येतो. वर्गात हे आपण पाठ करण्याची बाब म्हणून शिकवितो. लग्नात मंगलाष्टके म्हणावयास उभ्या राहिलेल्या मावशींना विचारावे. बाराव्या अक्षरावर श्वास घेतला नाही तर ‘सावधान’पर्यंत त्या पोहोचत नाहीत. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस ह्याचा श्वास आखूड होता व त्यामुळे त्याची वाक्ये तुटत, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. आणि धावताना किंवा चढण चढताना एका श्वासात भाषणे वा कविता म्हणणे हा त्याच्या साधनेचा भाग होता, असेही.

ह्या बाबतीत २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणावयास सांगितले. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदयाच्या लयीत त्याचे हितकर परिणाम दिसले. धर्म निराळे, भाषा निराळ्या, श्वासाचे माप मात्र जवळजवळ एक. हे वाचल्यावर आम्ही घड्याळ समोर ठेवून मनाचे श्लोक म्हणून पाहिले. भुजंगप्रयाताचा एक चरण वीस मात्रांचा. दोन चरण एका श्वासात सावकाश म्हटले आणि मग श्वास घेतला, तर एक आवर्तन दहा सेकंदांच्या आसपास जाते. म्हणजे मिनिटाला सहा. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, आणि त्यावरून रामदासांना शरीरविज्ञान ठाऊक होते असा शोध कोणी लावू नये. इतकेच म्हणावे की शाळेच्या प्रार्थनेत ज्या पिढ्यांनी हे श्लोक म्हटले, त्यांना कोणी न सांगता संथ श्वसनाचा पाठ मिळत होता. निबंध वाचण्याआधी दहा मिनिटे एखाद्या रिकाम्या खोलीत आवडती कविता यती पाळून मोठ्याने वाचणे, हा आमच्या मते साहित्याच्या माणसाला साजेसा प्राणायाम आहे. आणि आपला निबंधही तसाच मोठ्याने वाचून पाहावा. जेथे श्वास तुटतो तेथे बहुधा वाक्यही तुटावयास हवे असते.

आता त्या दुसऱ्या मुद्द्याकडे येऊ. श्वास हा केवळ वक्त्याचा खासगी मामला आहे, असे आपल्या परंपरेने मानलेले दिसत नाही. वारकरी कीर्तन आठवावे. कीर्तनकार मध्ये उभा असतो आणि त्याच्या मागे टाळकरी. निरूपण रंगात येते, प्रमाणाची ओळ निघते, टाळकरी ती उचलतात, चाल धरतात. तेवढ्यात कीर्तनकाराचा श्वास भरून निघतो. विसरलेला शब्द मागून कोणीतरी पुरवितो. आरंभी सर्वांनी मिळून नामघोष केलेला असतो, म्हणजे पहिला स्वर एकट्याने लावण्याचा प्रसंगच येत नाही. संगीत नाटकातील नांदीही अशीच अनेकांच्या गळ्यातून येते. त्यानंतर आपल्याकडे व्याख्यान आले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हा त्या इतिहासातील एक मानाचा टप्पा आहे. व्याख्यानाने मराठी समाजाला फार मोठे काही दिले, ह्यात शंका नाही. परंतु व्याख्याता एकटा उभा राहिला. त्याच्या मागे टाळकरी नाहीत. ‘व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेले रसिक’ ह्या वाक्याची आपण थट्टा करतो. पण पाठ झालेल्या ह्या वाक्याच्या आडोशाने अनेकांनी आपला पहिला श्वास सावरला आहे, हे विसरू नये.

हे सर्व आम्हांस सुचले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती खानदेशातील एका खेड्यातून आलेली, घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच. निबंध लिहिला होता बहिणाबाई चौधरींच्या कवितेवर, आणि एका महाविद्यालयातील विद्यार्थी-चर्चासत्रात तो वाचावयाचा होता. महिनाभर ती आमच्याकडे श्वासाचा पाठ गिरवीत होती. त्या दिवशी ती शांतपणे उभी राहिली. कागद थरथरत नव्हता. पहिले पान उत्तम गेले. दुसऱ्या पानावर ‘पाणी’ हा शब्द आला आणि तिने तो ‘पानी’ असा उच्चारला. मागच्या दोन रांगांत हशा पिकला. पुढच्या रांगेत बसलेल्यांपैकीही एकदोघे हसले. ती थांबली. तिने लांब उच्छ्वास सोडला, आम्ही तो पाहिला, आणि तिने उरलेला निबंध पुरा केला. मात्र तिने पुढे प्रत्येक ‘ण’ आधी शोधून मग उच्चारला. वाक्यांचा अर्थ मागे पडला आणि ‘ण’ तेवढे शुद्ध झाले.

ज्या कवयित्रीवर ती बोलत होती, तिची कविता लेवा बोलीतील. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली, आचार्य अत्र्यांनी तिची थोरवी मराठी वाचकांपुढे मांडली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव देण्यात आले. त्याच सभागृहात तासाभरापूर्वी एका निष्णात वाचकाने बहिणाबाईंच्या ओळी त्यांच्या मूळ उच्चारांसह म्हणून दाखविल्या होत्या, आणि त्यांना टाळ्या पडल्या होत्या. तोच ‘न’ अवतरणचिन्हांत आला तर काव्य होतो आणि एका मुलीच्या तोंडून आला तर विनोद.

परतताना ती एवढेच म्हणाली, “सर, श्वास तर जागेवर होता. पन ते हसले, तिथं त्यानं काय करावं?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अनपेक्षित ठिकाणी सापडले. सभेत बोलण्याच्या ताणाचा अभ्यास करण्यासाठी १९९३ साली जर्मनीतील ट्रिअर येथील संशोधकांनी एक चाचणी बेतली, आणि आज ती जगभर वापरली जाते. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात. मग एका समितीसमोर त्याने पाच मिनिटे, नोकरीसाठी आलो आहोत असे समजून, स्वतःविषयी बोलावयाचे आणि नंतर पाच मिनिटे १०२२ मधून १३ वजा करीत जावयाचे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. लाळेतील कॉर्टिसोल ह्या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण बहुतेकांत वाढते. ह्या चाचणीतील एक अट मोलाची आहे. समितीतील सदस्यांनी चेहऱ्यावर कोणताही अनुकूल भाव आणावयाचा नाही, मान डोलवावयाची नाही, हसून धीर द्यावयाचा नाही. आणि त्यासाठी त्यांना मुद्दाम शिकवून तयार करावे लागते. आमच्याकडील मौखिक परीक्षांतील परीक्षकांना हे शिक्षण कोणी दिले, हे आम्हांस कळलेले नाही. पुढे २०१३ साली जर्मनीतच काही संशोधकांनी ह्याच चाचणीची स्नेहाळ आवृत्ती करून पाहिली. बोलणे होतेच, समितीही होतीच. फक्त ती आपुलकीने ऐकत होती. कॉर्टिसोल वाढले नाही.

तिच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटतो. श्वास आपले काम करतो. त्या दिवशीही त्याने केले. हसण्याने तुटलेला धागा पुन्हा हाती घेण्याइतकी उसंत त्याने तिला दिली, आणि ही काही थोडी गोष्ट नव्हे. परंतु सभेने निर्माण केलेली भीती वक्त्याच्या फुप्फुसांत निस्तरावयास सांगणे म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला पोहणे शिकविण्यासारखे आहे. पोहणे चांगलेच, छपराचे काय? आज जागोजाग भाषणकलेचे वर्ग निघाले आहेत, त्यांत प्राणायामही शिकवितात. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. ऐकण्याचे वर्ग मात्र कोणी काढलेले नाहीत, आणि ते काढण्याची जबाबदारी, आमच्या मते, साहित्य शिकविणाऱ्यांची आहे. मौखिक परीक्षेत समोर बसतो ते आपण, वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून जातो ते आपण, आणि गुणपत्रिकेवर ‘उच्चार’ असा रकाना असतो तोही आपल्याच हाती.

गेली काही वर्षे आमच्या विभागात आम्ही दोनचार साध्या गोष्टी पाळतो. मौखिक परीक्षेचा पहिला प्रश्न असा असतो की त्याचे उत्तर विद्यार्थ्याला निश्चित येत असते. बोलताना मध्येच उच्चार सुधारावयाचा नाही. सांगावेसे वाटलेच तर नंतर, एकट्याला, आणि ‘प्रमाण भाषेत असे म्हणतात’ एवढ्याच शब्दांत. ‘उच्चार’ ह्या रकान्यात आम्ही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला की नाही एवढेच पाहतो. तो कोणत्या जिल्ह्यातून निघाला हे पाहत नाही. आणि काम सुरू होण्याआधी एक मिनिट सर्वांनी स्वस्थ बसून श्वास सोडावयाचा असतो. विद्यार्थ्यांनी, आम्ही, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही. बाहेरचे परीक्षक पहिल्यांदा जरा चमकतात. मग चष्मा काढून टेबलावर ठेवतात, डोळे मिटतात. त्या एका मिनिटात खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो, आणि नीट कान दिला तर त्याखाली पंधरावीस माणसांच्या श्वासांचा. त्यांतला विद्यार्थ्याचा कोणता आणि परीक्षकाचा कोणता, हे ओळखता येत नाही.